बागेतल्या रेल्वेसाठी दातेरी रूळ: १८ टक्के चढाचा मार्ग कसा बांधावा

कोल्हापुरात टेंबलाई टेकडीच्या बाजूला आमचे घर आहे. घरामागची बाग दोन टप्प्यांची आहे. खालच्या टप्प्यावर विहिरीचा कट्टा, वरच्या टप्प्यावर चिक्कूची दोन झाडे आणि दोहोंच्या उंचीत १.१ मीटरचा फरक. ४५ मिलिमीटर गेजची माझी छोटी गाडी कित्येक वर्षे विहिरीभोवतीच फिरत होती. तिला चिक्कूखालच्या स्थानकापर्यंत न्यायचे ठरवले, तेव्हा साधा रूळ आणि साधी चाके यांच्या बळावर ते होणार नाही, हे कागदावर दोन ओळींचे गणित मांडताच कळले. त्यानंतर जो दातेरी मार्ग, म्हणजे रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आणि इंजिनाखाली तिच्यात अडकणारे छोटे दातेरी चाक (पिनियन) असलेला मार्ग बांधला, त्याची मापे, कृती आणि त्यात माझ्या हातून झालेल्या चुका येथे सविस्तर देत आहे.

चढ किती घ्यावा

गुळगुळीत चाक गुळगुळीत रुळावर केवळ घर्षणाने चढते. बागेतली गाडी कोरड्या रुळावर आणि मोजके डबे घेऊन ४ टक्के, म्हणजे १०० सेंटिमीटरला ४ सेंटिमीटर, एवढा चढ बिनतक्रार चढते. त्यापुढे मात्र इंजिनात शिसे भरा, चाकांना रबर लावा, अशा खटपटी सुरू होतात आणि रुळावर दव पडले की त्याही निरुपयोगी ठरतात. ४ टक्क्यांनी १.१ मीटर उंची गाठायची तर मला साडेसत्तावीस मीटर मार्ग लागला असता, आणि तो बसवण्यासाठी अर्धी बाग वळणांखाली गेली असती.

खऱ्या रेल्वेचे आकडे शेजारी ठेवले, तर चढाचा अंदाज चांगला येतो. कोल्हापूरला रेल्वे १८९१ साली मिरजेहून आली आणि येथेच थांबली. त्यामुळे घाट चढणारी गाडी पाहायची तर आम्हा कोल्हापूरकरांना मुंबईच्या वाटेवरचा बोरघाट गाठावा लागतो. तिथला चढ ३७ मीटरला १ मीटर, म्हणजे जेमतेम २.७ टक्के आहे, आणि तेवढ्यासाठीही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडावी लागतात. १९०७ साली सुरू झालेली नेरळ-माथेरान गाडी २० मीटरला १ मीटर, म्हणजे ५ टक्के चढते, तीही दात्यांशिवाय. मात्र त्यासाठी तिला डोंगराच्या अंगाखांद्यावर अतिशय तीव्र वळणे घ्यावी लागतात. भारतातला एकमेव दातेरी मार्ग निलगिरीत आहे. मेट्टुपाळयम ते उदगमंडलम या ४६ किलोमीटरच्या मार्गापैकी कल्लार ते कुन्नूर या टप्प्यावर रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या आहेत आणि तिथला कमाल चढ १२ मीटरला १ मीटर, म्हणजे ८.३३ टक्के आहे. स्वित्झर्लंडमधील व्हिट्झनाऊ-रीगी मार्ग १८७१ पासून २५ टक्के चढतो. १८८९ साली सुरू झालेल्या पिलाटुस मार्गाचा चढ ४८ टक्क्यांपर्यंत जातो, परंतु तेथे दाते वर तोंड करून नव्हे, तर पट्टीच्या दोन्ही कडांना आडवे कापलेले आहेत. याचे कारण असे की, इतक्या तीव्र चढावर उभ्या दात्यांतून पिनियन वर सरकून सुटण्याचा धोका असतो. आपल्या बागेसाठी धडा एवढाच की, उभ्या दात्यांची पट्टी वापरायची असेल तर २० टक्क्यांच्या आत राहावे. मी १८ टक्के घेतले.

सपाटीवरून थेट १८ टक्क्यांवर जाता येत नाही. खाली आणि वर, दोन्हीकडे चढ हळूहळू बदलला पाहिजे. मी दर ३०० मिलिमीटरला ३ टक्के असा बदल ठेवला. म्हणजे पहिल्या ३०० मिलिमीटरमध्ये मार्ग ९ मिलिमीटर चढतो, पुढच्यात १८, मग २७, ३६, ४५ आणि त्यानंतर सलग ५४. चढ बदलण्याच्या खालच्या आणि वरच्या वळशांत मिळून ३ मीटर लांबी आणि २७० मिलिमीटर उंची जाते, उरलेली ८३० मिलिमीटर उंची १८ टक्क्यांनी चढायला ४.६ मीटर लागतात. एकूण मार्ग ७.६ मीटरचा झाला. आपल्या बागेचे आकडे याच रीतीने मांडावेत, आणि खोदकाम सुरू करण्यापूर्वीच मांडावेत.

दाते, पिनियन आणि पट्टीची उंची

दातेरी रुळांचे प्रकार अनेक आहेत. रिगेनबाखची पट्टी शिडीसारखी असते, श्ट्रुबच्या पद्धतीत जाड रुळाच्या डोक्यावरच दाते कापलेले असतात, आणि आब्टच्या पद्धतीत, जी निलगिरीत आहे, दोन पातळ पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या करून एकीचे दाते दुसरीच्या दात्यांपेक्षा अर्ध्या अंतराने पुढे ठेवलेले असतात, जेणेकरून एक दाता सुटण्यापूर्वी दुसरा पकडलेला असावा. बागेसाठी आब्टची पद्धत सर्वांत सोयीची आहे, कारण पातळ पत्र्यातून लेझरने पट्ट्या कापून घेता येतात. पण पट्ट्या दोन घ्याव्यात की एक, हा प्रश्न उरतो.

सरळ मार्गावर दोन पट्ट्या सुरेख चालतात. वळणावर मात्र बाहेरच्या पट्टीची लांबी आतल्या पट्टीपेक्षा जास्त होते. दोन पट्ट्यांत ४ मिलिमीटर अंतर असेल आणि मार्ग ९० अंशांत वळत असेल, तर हा फरक ६.३ मिलिमीटर येतो, म्हणजे एका दात्याच्या अंतरापेक्षाही अधिक. अर्ध्या दात्याची ती काटेकोर मांडणी वळणाच्या शेवटापर्यंत पार विस्कटते. माझ्या मार्गाला मधोमध एक सौम्य वळण आहे, म्हणून मी एकच पट्टी वापरली. आपल्या गाडीचे वजन पाच किलोच्या आतबाहेर असते. तेवढ्यासाठी एक पट्टी पुरते.

एलजीबी या जर्मन कंपनीने १९६८ पासून ४५ मिलिमीटर गेजच्या बागेतल्या गाड्या आणल्या आणि तिच्या गाड्यांसाठी प्लॅस्टिकच्या दातेरी पट्ट्याही मिळतात. त्या मागवणे शक्य असेल तर जरूर मागवाव्यात. पण ज्या गावात उद्यमनगर आहे, त्या गावात राहून दाते परदेशातून मागवणे माझ्या मनाला पटले नाही. ऑइल इंजिनांपासून साखर कारखान्यांच्या सुट्या भागांपर्यंत सर्व काही घडवणाऱ्या या वस्तीत गिअर कापून देणारे आणि लेझरवर पत्रा कापणारे हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांना चांगले रेखाचित्र दिले की काम होते. रेखाचित्र मात्र आपले आपणच अचूक करायचे.

मी दात्यांचे माप ठरवणारा आकडा, म्हणजे मॉड्यूल, १.५ मिलिमीटर घेतले. मॉड्यूलला ३.१४१६ ने गुणले की दोन दात्यांमधले अंतर मिळते, येथे ते ४.७१२ मिलिमीटर. गिअरच्या दात्यांच्या बाजू वक्र असतात, पण सरळ पट्टीवरच्या दात्यांच्या बाजू सरळच असतात, फक्त उभ्या रेषेपासून २० अंश कललेल्या. त्यामुळे रेखाचित्र सोपे होते. दात्याची पूर्ण उंची मॉड्यूलच्या सव्वादोन पट, म्हणजे ३.३७५ मिलिमीटर, शेंड्याची रुंदी सुमारे १.२६ मिलिमीटर आणि दोन दात्यांमधल्या दरीच्या तळाची रुंदी सुमारे १ मिलिमीटर. पत्रा २ मिलिमीटर जाडीचा, ३०४ प्रतीचा स्टेनलेस स्टील.

येथे माझी पहिली चूक झाली. माझे रूळ ३०० मिलिमीटरच्या तुकड्यांत असल्यामुळे पट्ट्याही ३०० मिलिमीटरच्याच कापून घेतल्या. ३०० ला ४.७१२ ने भागले तर ६३.६६ येतात. म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या टोकाला दोनतृतीयांश दाता लटकत होता, आणि पिनियन त्या जोडावर आले की ‘खट्’ असा आवाज होऊन इंजिन उडी मारत असे. दोन दिवस मी तो दोष मोटारीत शोधला. पट्टीची लांबी नेहमी पूर्ण दात्यांच्या पटीत हवी: ६४ दाते, ३०१.६ मिलिमीटर. पट्टीचा सांधा दाता मधोमध तोडून नव्हे, तर दोन दात्यांमधल्या दरीच्या तळाशी यावा. रुळांच्या सांध्याशी तो जुळत नाही याची काळजी करू नये. उलट दोन्ही सांधे एकाच जागी नसले तर मार्ग अधिक मजबूत होतो.

आता पिनियन. १७ पेक्षा कमी दात्यांचे गिअर कापताना दात्यांची मुळे कोरली जाऊन बारीक होतात, म्हणून मी १८ दाते घेतले. १८ ला १.५ ने गुणले की पिनियनचा कार्यकारी व्यास, म्हणजे त्याचे दाते पट्टीच्या दात्यांना जिथे भिडतात तिथला व्यास, २७ मिलिमीटर मिळतो आणि शेंड्यांपर्यंतचा बाहेरचा व्यास ३० मिलिमीटर. माझ्या इंजिनाची चाके ३१ मिलिमीटर व्यासाची आहेत. पिनियन आणि चाके एकाच आसावर बसवली, तर आसाचे केंद्र रुळाच्या माथ्यापासून १५.५ मिलिमीटर उंचीवर येते आणि पिनियनचा तळ रुळाच्या माथ्यापेक्षा अर्धा मिलिमीटर वर राहतो. हा अर्धा मिलिमीटर महत्त्वाचा आहे. पुढेमागे मार्गात सांधे-बदलीचे रूळ घातले, तर पिनियन त्यांच्यावर अडकणार नाही.

याच आकड्यांतून पट्टीची उंची निघते. १५.५ मधून पिनियनची कार्यकारी त्रिज्या १३.५ वजा केली की २ उरतात. पट्टीची कार्यकारी रेषा रुळाच्या माथ्यापेक्षा २ मिलिमीटर वर हवी, आणि दात्यांचे शेंडे त्याहून १.५ वर, म्हणजे ३.५ मिलिमीटरवर. दात्यांमध्ये थोडी मोकळीक राहावी म्हणून मी पट्टी पाव मिलिमीटर खाली घेतली. म्हणजे शेंडे रुळाच्या माथ्यावर ३.२५ मिलिमीटर आले. बागेत सर्रास वापरला जाणारा पितळी रूळ ८.४ मिलिमीटर उंच असतो. तो स्लीपरवर बसलेला असतो, म्हणून पट्टीची एकूण उंची ११.६ मिलिमीटर ठेवली की ती थेट स्लीपरवर उभी राहते आणि खाली कोणताही आधार सरकवावा लागत नाही. रूळ वेगळ्या उंचीचा असेल किंवा स्लीपरमध्ये खोल बसत असेल, तर स्वतःच्या रुळावर व्हर्नियर लावून हे गणित नव्याने करावे. माझा आकडा जसाच्या तसा उचलू नये.

२ मिलिमीटरची पट्टी आडवी सहज वाकते, त्यामुळे दोन मीटर त्रिज्येच्या वळणात ती हाताने बसते. उभी मात्र ती वाकत नाही, आणि खाली-वर जिथे चढ बदलतो तिथे ती उभीच वाकायला हवी. म्हणून रेखाचित्रातच दर चार दात्यांनंतर खालच्या बाजूने ५.५ मिलिमीटर खोल चिरा काढाव्यात. लेझर त्या दात्यांबरोबरच कापतो. त्यामुळे पट्टी कंगव्यासारखी दिसते, पण चढाच्या वळशावर ती मार्गाचा आकार मुकाट्याने घेते.

प्लॅस्टिकची पट्टी थ्री-डी प्रिंटरवर काढता येईल का, असे अनेक जण विचारतात. पीएलए प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि एप्रिलच्या उन्हात काळी पट्टी त्या तापमानाच्या फार जवळ जाते. एएसए हे प्लॅस्टिक ऊन सोसते, परंतु कोणतेही प्लॅस्टिक उष्णतेने धातूपेक्षा कितीतरी अधिक वाढते. ४० अंशांच्या फरकाने ३०० मिलिमीटरची स्टीलची पट्टी सुमारे ०.२ मिलिमीटर वाढते, तर त्याच लांबीची अॅसिटल या प्लॅस्टिकची पट्टी मिलिमीटरहून अधिक. दात्यांचे अंतरच ४.७ मिलिमीटर असताना सांध्यावर मिलिमीटरची घालमेल परवडत नाही.

पाया आणि घसरण

सपाट मार्गाचा पाया गाडीचे वजन पेलतो. चढाच्या मार्गाच्या पायाला त्याशिवाय संपूर्ण मार्गच उताराकडे घसरू पाहतो, हेही पेलावे लागते. गाडी जेव्हा दात्यांना रेटून वर चढते, तेव्हा ती तेवढ्याच बळाने पट्टीला खाली ढकलत असते. पहिल्या वर्षी मी रूळ खडीवर टाकले आणि दोन्ही बाजूंना विटा लावल्या. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, आणि ऑगस्टमध्ये पाहिले तर अख्खा मार्ग ११ मिलिमीटर खाली सरकून विहिरीकडच्या शेवटच्या सांध्यावर रूळ धनुष्यासारखा वर उचलला गेला होता.

दुसऱ्या वर्षी मार्गाच्या रेषेवर १५ सेंटिमीटर खोल चर खणून त्यात मुरूम आणि कच धुमसून बसवली, आणि त्यावर १० सेंटिमीटर रुंद, साडेसात सेंटिमीटर जाड काँक्रीटची पट्टी ओतली. आत ६ मिलिमीटरच्या दोन सळ्या लांबीभर आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दर दीड मीटरवर १२ मिलिमीटरची सळई ४५ सेंटिमीटर खोल ठोकून तिचे डोके काँक्रीटमध्ये पुरले आहे. मार्ग घसरू न देण्याचे काम या सळ्या करतात. काळ्या मातीत बांधकाम असेल तर चर याच्या दुप्पट खोल घ्यावा, कारण ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे काँक्रीट सोबत हलवते.

उतारावरची काँक्रीटची पट्टी बांधासारखी पाणी अडवते. अडलेले पाणी तिच्या कडेने धावत पायाखालची माती पोखरते. डोंगराच्या बाजूने हातभर अंतरावर छोटी चारी काढावी आणि दर दोन मीटरवर पट्टीच्या पोटातून अर्धा इंची पाइपचा तुकडा आरपार सोडावा. गवंड्याला हे काम सांगितले तर तो हसतो, पण करून देतो.

चढ मोजण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. ६०० मिलिमीटरची पाणसळ घ्यावी आणि तिच्या खालच्या टोकाखाली १०८ मिलिमीटरचा लाकडी ठोकळा धरावा. बुडबुडा मधोमध आला की चढ १८ टक्के. चढ बदलण्याच्या भागासाठी ३०० मिलिमीटरची पट्टी आणि ९, १८, २७, ३६, ४५ मिलिमीटरचे ठोकळे करून ठेवावेत. काँक्रीट ओले असतानाच हे ठोकळे घेऊन वर-खाली फिरावे, कारण वाळलेल्या काँक्रीटवर पाच मिलिमीटरची दुरुस्ती म्हणजे छिन्नी-हातोडीचा अर्धा दिवस.

पट्टी बसवणे

रूळ काँक्रीटवर बसवताना स्लीपर स्क्रूने घट्ट धरावेत, पण रूळ स्लीपरच्या पकडीत मागेपुढे सरकू द्यावेत. ७.६ मीटरचा पितळी रूळ ४० अंशांच्या फरकाने साडेपाच मिलिमीटरहून अधिक लांबतो. तो फक्त खालच्या टोकाला पक्का करावा, म्हणजे त्याची वाढ वरच्या स्थानकाकडे जाते, आणि तिथे रुळांच्या टोकाशी सेंटिमीटरभर जागा मोकळी ठेवावी.

दातेरी पट्टी धरण्यासाठी त्याच स्टेनलेस पत्र्यातून १२ मिलिमीटर लांबीचे छोटे कोन वाकवून घेतले. प्रत्येक तिसऱ्या स्लीपरवर पट्टीच्या दोन्ही अंगांना एकेक कोन आणि मधून २ मिलिमीटरचा स्क्रू. अॅल्युमिनियमचे कोन स्वस्त पडतात, पण ओल्या जागी स्टेनलेसला टेकलेले अॅल्युमिनियम दोन पावसाळ्यांत पांढरे पडून कुजते. प्रत्येक तुकड्याच्या खालच्या टोकाचे भोक गोल आणि बाकीची भोके लांबट ठेवावीत. त्यामुळे तुकडा एका जागी पक्का राहून उरलेली वाढ वरच्या बाजूला सामावते.

दोन तुकड्यांचा सांधा हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे, आणि त्यासाठी डोळ्यावर विसंबू नये. दात्यांच्या बाजू सरळ असल्यामुळे एक पट्टी उलटी करून दुसरीवर ठेवली तर दोघींचे दाते एकमेकींत चपखल बसतात. हाच आपला मापक. पहिला तुकडा घट्ट करावा, दुसरा सैल ठेवावा आणि पंधरा-वीस दात्यांचा एक उरलेला तुकडा सांध्यावर उलटा दाबून बसवावा. सैल तुकडा आपोआप योग्य जागी ओढला जातो. दोन टोकांमध्ये नखाची कडा जाईल एवढी फट, ०.२ मिलिमीटरच्या आसपास, दिसली पाहिजे. मापक दाबलेला असतानाच खालच्या टोकाचा स्क्रू आवळावा, मग बाकीचे. सत्तावीस तुकडे बसवायला मला दोन रविवार लागले आणि मापक न वापरता घाईने लावलेले तीन तुकडे तिसऱ्या रविवारी पुन्हा काढावे लागले.

उंची तपासण्यासाठी सपाट अॅल्युमिनियमच्या तुकड्याला मधोमध ३.२५ मिलिमीटर खोल खाच घालून तो दोन्ही रुळांवर आडवा ठेवावा. खाचेचा माथा दात्यांना अलगद टेकावा. तो रुळांवरून डुगडुगला तर पट्टी उंच आहे. जराही टेकत नसेल तर ती खोल आहे.

इंजिन

पिनियन आणि चाके एकाच आसावर असावीत, असे मी वर म्हटले, त्याचे कारण चढाच्या वळशावर कळते. पिनियन दोन आसांच्या मधोमध असेल आणि आसांमधले अंतर १५० मिलिमीटर असेल, तर आपल्या वळशावर मधला रूळ आसांच्या रेषेपेक्षा ०.२८ मिलिमीटर वर किंवा खाली येतो. आपण मोकळीक पाव मिलिमीटरच ठेवली आहे. म्हणजे वरच्या स्थानकाजवळच्या फुगवट्यावर पिनियन पट्टीत रुतेल. आसावरच असेल तर चाके रुळावर जिथे टेकतात, तिथेच पिनियनची उंची ठरते आणि हा प्रश्नच उद्भवत नाही.

पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो. पिनियनचा कार्यकारी व्यास २७ आणि चाकाचा ३१. दोन्ही आसाला पक्की असतील तर प्रत्येक फेऱ्यात चाक पिनियनपेक्षा १५ टक्के जास्त धावू पाहील आणि रुळावर घासत राहील. यासाठी चाकांत पितळी बुश बसवून ती आसावर मोकळी फिरू द्यावीत. ओढण्याचे सगळे काम पिनियन करते, चाके फक्त वजन पेलतात. निलगिरीच्या इंजिनांनी हाच पेच वेगळ्या रीतीने सोडवला आहे. तिथे साध्या चाकांसाठी आणि दातेरी चाकांसाठी सिलिंडरांच्या स्वतंत्र जोड्या आहेत. माझा मार्ग खालपासून वरपर्यंत दातेरीच आहे, त्यामुळे मोकळी चाके पुरतात. सपाट मार्गावरून धावत येऊन दात्यांवर चढणारी गाडी करायची असेल, तर पट्टीच्या आरंभीचा तुकडा स्प्रिंगवर बसवून त्याचे दाते उतरत्या उंचीचे ठेवावे लागतात, म्हणजे पिनियनचा दाता पट्टीच्या दात्यावर आला तरी तो तुकडा दबतो आणि पुढच्या दात्याला जुळतो. पहिल्याच प्रयत्नात हे अंगावर घेऊ नये असे माझे मत आहे.

मोटारीची ताकद किती लागते? माझे इंजिन ३ किलोचे, दोन डबे मिळून १.६ किलोचे. १८ टक्के चढावर उताराकडे ओढणारे बळ एकूण वजनाच्या ०.१७७ पट, म्हणजे सुमारे ८१५ ग्रॅम. घर्षण धरून एक किलो समजावे. पिनियनची त्रिज्या १.३५ सेंटिमीटर, म्हणून आसावर दीड किलो-सेंटिमीटरच्या आतच पीळ लागतो. मिनिटाला १०० फेरे देणारी, वर्म-गिअरची (स्क्रूसारख्या आट्यांनी दातेरी चाक फिरवणारी) १२ व्होल्टची छोटी मोटार हे सहज करते आणि मार्ग पंचावन्न सेकंदांच्या आसपास पार होतो. वर्म-गिअरच घ्यावी, असा माझा आग्रह आहे. मोटार बंद पडली तरी वर्म उलटा फिरत नाही आणि गाडी जागच्या जागी थांबते. साध्या गिअरची मोटार वीज गेली की गाडीला विहिरीच्या दिशेने सोडून देते.

दाते २० अंश कललेले असल्यामुळे पिनियनला पुढे ढकलताना ते थोडे वरही उचलतात, रेटण्याच्या बळाच्या सुमारे ०.३६ पट. एक किलो रेट असेल तर ३६० ग्रॅम. ज्या आसावर पिनियन आहे, त्याच्यावर याच्या निदान दुप्पट वजन असलेच पाहिजे, नाहीतर चढावर मध्येच इंजिन दात्यांवर उचलले जाऊन करकरते. मी बॅटरी त्या आसाच्या बरोबर वर ठेवली. पाऊस आणि दव यांमुळे काळवंडलेल्या रुळांतून वीज घेण्यापेक्षा तीन लिथियम सेल इंजिनातच असलेले बरे. दोन्ही स्थानकांवर स्लीपरांमध्ये चुंबक पुरून इंजिनाखाली रीड स्विच लावला, की गाडी आपोआप थांबते, आणि टायमरवर थोडा वेळ विसावून परत फिरते.

इंजिन नेहमी उताराच्या बाजूला असावे आणि त्याने डबे वर ढकलावेत. निलगिरीतही हीच रीत आहे. कडी तुटली तरी डबे इंजिनावरच टेकून राहतात. इंजिन वरच्या बाजूला असेल आणि कडी सुटली, तर डबे ७.६ मीटरची घसरगुंडी एका श्वासात पार करतात.

पहिली फेरी घेण्यापूर्वी दात्यांची मोकळीक कागदाने तपासावी. साध्या वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी दातेरी पट्टीवर अंथरून इंजिन हाताने तिच्यावरून न्यावे. कागदावर दात्यांचे स्पष्ट वळ उठले पाहिजेत, पण तो कुठेही फाटता कामा नये. फाटला तर तिथे पट्टी उंच आहे. वळच उठले नाहीत तर तिथे ती खोल आहे. सगळ्या मार्गाचा कागद एकामागे एक मांडला, की कोणता स्क्रू सैल करायचा हे समोर दिसते.

पावसाळा आणि नंतर

दात्यांना ग्रीस लावू नये. त्यावर धूळ चिकटून सहाणेवर घासल्यासारखी पिनियनची झीज होते. पिनियन पितळी ठेवावे, म्हणजे झिजायचे ते तेच झिजते, आणि सत्तावीस तुकड्यांची पट्टी शाबूत राहते. आमच्याकडे शेजारच्या शेवग्याची फुले थेट मार्गावर पडतात आणि दात्यांच्या मिलिमीटरभर दरीत गच्च दबून बसतात. मग पिनियन त्यांच्यावरून वर उचलले जाते. त्यासाठी एका उघड्या डब्याच्या पोटाखाली जुना दात घासायचा ब्रश बसवून तो डबा गाडीच्या वरच्या टोकाला लावला आहे. पावसाळ्यात दात्यांच्या आडोशाला गोगलगायी बसतात, तेव्हा सकाळची पहिली फेरी हात फिरवून झाल्यावरच सोडावी.

पाऊस ओसरला की खंडेनवमीच्या आधी मी पट्टीचा प्रत्येक स्क्रू आवळतो, काँक्रीटच्या पाइपातली माती काढतो आणि पिनियन इंजिनातून सोडवून उजेडात धरतो. दात्यांची चकाकी दोन्ही टोकांकडे सारखी असेल तर काम ठीक आहे. एकाच अंगाला चकाकत असेल, तर पट्टी त्या बाजूला कलली आहे किंवा इंजिनाची चौकट तिरकी झाली आहे. तेव्हा खाच घातलेला अॅल्युमिनियमचा तुकडा घेऊन विहिरीपासून पुन्हा सुरुवात करावी.